धुराड्यातला पोरगा आणि पाण्यातली बाळे

लहान मुलांची अद्भुत कादंबरी म्हटली की ती कुणा निवांत माणसाने आरामखुर्चीत बसून रचली असावी, असा आपला सर्वसाधारण समज असतो. पऱ्या आणि बोलणारे मासे निर्माण करायला लागते काय? थोडी कल्पना आणि रिकामा वेळ! आम्ही कामगार चळवळीतली माणसे. कोणताही माल समोर आला की तो कशापासून झाला, कोणी केला आणि त्याला किती वेळ लागला, हे विचारण्याची आम्हांला सवय. तोच प्रश्न आज एका जुन्या इंग्रजी पुस्तकाला विचारू. पुस्तक चार्ल्स किंग्सलेचे, नाव 'द वॉटर बेबीज', म्हणजे पाण्यातली बाळे.

आधी वेळेचा हिशेब. १८६२ सालचा वसंत ऋतू. हॅम्पशायरमधील एव्हर्सली गावचा पाद्री किंग्सले न्याहारीला बसला होता. थोरल्या तीन मुलांसाठी त्याने ग्रीक वीरांच्या कथा लिहिल्या होत्या. त्यांचे पुस्तक १८५६ साली निघाले. आता चार वर्षांच्या ग्रेनव्हिलची पाळी, अशी पत्नीने आठवण दिली. किंग्सले काही न बोलता उठला, खोलीचे दार लावून बसला आणि अर्ध्या तासात पहिले प्रकरण घेऊन बाहेर आला. ही हकीकत त्याच्या मृत्यूनंतर पत्नीनेच लिहून ठेवली आहे. ऑगस्ट १८६२ पासून मार्च १८६३ पर्यंत ही कथा 'मॅकमिलन्स मॅगझीन'मध्ये क्रमशः आली आणि १८६३ सालीच पुस्तक निघाले.

अर्धा तास! पण बिघडलेला माग मुरलेला जॉबर पाच मिनिटांत चालू करतो, तेव्हा त्या पाच मिनिटांमागे पंचवीस वर्षे उभी असतात. किंग्सलेच्या अर्ध्या तासामागे निदान चौदा वर्षे होती. १८४८ साली चार्टिस्ट कामगारांच्या चळवळीने लंडन हादरले, तेव्हा हा पाद्री त्यांच्या बाजूने लिहू लागला. १८४९ साली पटकीची साथ आली. लंडनच्या बर्मंडसी वस्तीत गटारावरच्या घरांतून माणसे तेच पाणी पितात, हे त्याने स्वतः जाऊन पाहिले आणि तिथे स्वच्छ पाणी पोचवण्याची खटपट केली. १८५० साली शिंप्यांच्या पिळवणुकीवर त्याने एक पत्रक आणि एक कादंबरी लिहिली. पाणी म्हणजे जीव, पाणी म्हणजे शुद्धी, ही पुस्तकातली मध्यवर्ती कल्पना बर्मंडसीच्या गटाराकाठी रुजली असावी, असे आम्हांस वाटते.

दुसरा कच्चा माल निसर्गशास्त्राचा. समुद्रकाठच्या जीवांवर त्याने १८५५ साली पुस्तक लिहिले होते. डार्विनचा ग्रंथ १८५९ साली निघाला, तेव्हा त्याची आगाऊ प्रत मिळालेल्यांत हा पाद्री होता आणि त्याने ग्रंथाचे स्वागत केले. त्यामुळे त्याच्या कथेतला चमत्कार जादूच्या कांडीने घडत नाही. ओढ्यातला कुरूप किडा कात फोडून चतुर होतो, तसाच धुराडी झाडणारा टॉम पाण्यात पडून जलबालक होतो. त्याला कल्ले फुटतात आणि त्याची लांबी लेखक गंभीरपणे ३.८७९०२ इंच अशी देतो!

आता कथेचा गाभा. टॉम हा ग्राइम्स नावाच्या धन्याचा पोरगा. मोठ्या वाड्यातली धुराडी झाडताना तो वाट चुकतो आणि धन्याच्या मुलीच्या शुभ्र खोलीत उतरतो. तिथे पाण्याचे भांडे, साबण, टॉवेल पाहून त्याला वाटते, एवढे धुवावे लागते म्हणजे ही मुलगी फारच मळकी असली पाहिजे. मग कोपऱ्यात त्याला एक काळे, ओंगळ पोर दिसते. तो त्याच्यावर खेकसतो, आणि कळते की तो आरसा आहे. टॉमने स्वतःला प्रथमच पाहिले. इंग्लंडच्या सुखवस्तु वाचकानेही आपल्या चुलीच्या उबेमागचे पोर त्या आरशात पाहिले.

ते पोर खरे होते. लहान मुलांना अरुंद धुराड्यांत चढवीत. काजळीमुळे त्यांना पुढे कर्करोग होतो, हे पर्सिव्हल पॉट या शस्त्रवैद्याने १७७५ सालीच लिहिले होते. १७८८ चा कायदा म्हणाला, आठ वर्षांखालचा मुलगा ठेवू नका. १८४० चा म्हणाला, एकवीस वर्षांखालील कोणालाही चढवू नका. पोरे चढतच राहिली.

या पुस्तकाने ती प्रथा बंद पाडली, असे पुष्कळदा सांगितले जाते. तारखा तसे सांगत नाहीत. १८६३ साली मुलांच्या मजुरीसंबंधीच्या सरकारी चौकशी आयोगाचा अहवाल आला, १८६४ साली लॉर्ड शाफ्ट्सबरीने नवा कायदा करवला, आणि तोही पुष्कळसा कागदावरच राहिला. १८७५ च्या फेब्रुवारीत केंब्रिजजवळ जॉर्ज ब्रूस्टर हा अकरा-बारा वर्षांचा मुलगा धुराड्यात गुदमरून मेला. त्यानंतर शाफ्ट्सबरीने त्याच वर्षी जो कायदा करवला, त्यात धुराडी झाडणाऱ्याला दरवर्षी पोलिसांचा परवाना आवश्यक केला आणि अंमलबजावणी पोलिसांकडे सोपवली. मग प्रथा संपली. किंग्सले हे पाहायला नव्हता; तो त्याच वर्षीच्या जानेवारीत वारला. त्याच १८७५ साली शाफ्ट्सबरीने हिंदुस्थानातील गिरणीमजुरांचा प्रश्न सरदारसभेत काढला. आपल्याकडे पहिला कारखाना कायदा १८८१ साली झाला. त्याने सात वर्षांखालील मुलांना मज्जाव केला, म्हणजे आठ वर्षांचे पोर कामावर चालत होते!

किंग्सलेला देव्हाऱ्यात बसवण्याचे कारण नाही. याच पुस्तकात आयरिश आणि काळ्या माणसांविषयी हीन उद्गार आहेत. १८६५ साली जमैकात गव्हर्नर आयरने उठाव चिरडताना चारशेहून अधिक माणसे मारली, तेव्हा हा शिंप्यांचा कैवारी आयरच्या बाजूला उभा राहिला. कथेतही टॉमची सुटका बुडून होते; धुराड्यांतली पोरे एकत्र येऊन नाही म्हणत नाहीत. तरी एक न्याय त्याने केला. शेवटी ग्राइम्सच धुराड्यात अडकतो, आणि स्वतःच्या आसवांनी काजळी धुतली जाईपर्यंत सुटत नाही.

तेव्हा हिशेब असा मांडावा. अहवालाने पोरांची संख्या सांगितली, कायद्याने शिक्षा सांगितली, पोलिसाने दार ठोठावले. परंतु चार वर्षांच्या मुलाला, आणि त्याला गोष्ट वाचून दाखवणाऱ्या आईला, धुराड्यातले पोर आपल्यासारखेच आहे हे पटवण्याचे काम यांपैकी कोणाचे नव्हते. ते अद्भुत कथेचे. ते काम एकटे पुरत नाही, पण त्याच्यावाचून बाकीची कामे फार काळ रखडतात.