दत्तकाची गादी आणि रक्ताचे सिंहासन: अक्कलकोट संस्थान आणि इंग्लंडचे राजघराणे

सोलापूर जिल्ह्यातील अक्कलकोट आज श्री स्वामी समर्थांचे क्षेत्र म्हणून महाराष्ट्रभर ओळखले जाते. परंतु 1856 मध्ये स्वामी तेथे आले त्यापूर्वीची जवळजवळ दीडशे वर्षे आणि त्यांनी 1878 मध्ये समाधी घेतल्यानंतरची सत्तर वर्षे हे गाव एका भोसले घराण्याची राजधानी होते. या घराण्याचा उदय आणि इंग्लंडच्या ज्या राजवंशाने पुढे भारतावर सम्राटपद मिरवले त्या राजवंशाचा उदय एकाच दशकातला आहे. दोन्हीकडे मूळ अडचणही एकच होती, ती म्हणजे गादीला वारस कोण, आणि तिची दोन्हीकडे निघालेली उत्तरे परस्परांपासून इतकी दूर होती की त्यांचा संघर्ष पुढे महाराष्ट्राच्या भूमीवर झाला.

1707 मध्ये औरंगजेबाच्या मृत्यूनंतर मोगलांच्या कैदेतून सुटून शाहू महाराज दक्षिणेकडे निघाले असता पारद या गावाजवळ त्यांच्या सैन्याला विरोध झाला आणि त्या चकमकीत गावचा पाटील सयाजी लोखंडे मारला गेला. पाटलाच्या विधवेने आपला लहान मुलगा राणोजी महाराजांच्या पदरात टाकला, तेव्हा शाहूंनी त्याला अभय देऊन जवळ ठेवून घेतले, विजयाची खूण म्हणून त्याचे नाव फत्तेसिंह ठेवले आणि भोसले हे आपले आडनावही दिले. राजपरिवारात विरूबाईंच्या मायेखाली वाढलेल्या या मुलाला 1712 च्या सुमारास अक्कलकोट आणि आसपासचा मुलूख मिळाला. पुढे कर्नाटकाच्या स्वारीत आणि 1741 मध्ये त्रिचनापल्ली घेणाऱ्या मराठी फौजेत रघूजी भोसल्यांच्या बरोबरीने त्याचे नाव येते. साताऱ्याच्या छत्रपतिपदावर मात्र त्याचा हक्क मानला गेला नाही. 1749 मध्ये शाहू महाराज निपुत्रिक वारले तेव्हा ताराबाईंनी आपला नातू म्हणून पुढे केलेले रामराजे गादीवर बसले. मारल्या गेलेल्या शत्रूच्या मुलाला राजाने आपला म्हणावे आणि त्या एका शब्दावर सव्वादोनशे वर्षांहून अधिक टिकणारे राज्य उभे राहावे, ही मराठी राजनीतीतील मोठ्या मनाची घटना आहे, आणि इतिहासाच्या पुस्तकांत तिला मिळते त्यापेक्षा अधिक जागा तिला मिळावयास हवी.

त्याच 1707 मध्ये इंग्लंड आणि स्कॉटलंड ही दोन राज्ये एक होऊन ग्रेट ब्रिटन हे राज्य अस्तित्वात आले होते आणि त्याच्या सिंहासनावर राणी अ‍ॅन होती. अनेक बाळंतपणांनंतरही तिचे एकही अपत्य जगले नाही आणि तिचा मुलगा ग्लॉस्टरचा ड्यूक 1700 मध्ये वारला. आपल्याकडे अशा प्रसंगी दत्तक, म्हणजे धर्मविधीने दुसऱ्याचा मुलगा आपला करून त्याला पिंडदानाचा आणि वारसाचा पूर्ण अधिकार देण्याची प्रथा, हा मार्ग खुला होता; इंग्लंडच्या कायद्याला मात्र दत्तक ही कल्पनाच मान्य नव्हती. तिथल्या सर्वसामान्य कुटुंबांसाठीसुद्धा दत्तकाचा पहिला कायदा 1926 साली झाला. म्हणून पार्लमेंटने 1701 मध्ये वारसा ठरविणारा कायदा करून रोमन कॅथलिक पंथाच्या सर्व नातलगांना बाजूला सारले आणि पहिल्या जेम्सची नात, जर्मनीतील हॅनोव्हरची सोफिया, हिच्या प्रॉटेस्टंट वंशाकडे गादी सोपविली. सोफिया अ‍ॅनच्या आधी दोन महिने वारली, त्यामुळे 1714 मध्ये तिचा मुलगा पहिला जॉर्ज राजा झाला. नात्याने त्याच्यापेक्षा जवळचे पन्नासाहून अधिक लोक केवळ पंथाच्या कारणावरून वगळले गेले होते. सिंहासन रक्तानेच चालले पाहिजे, परंतु रक्ताचा कोणता प्रवाह ग्राह्य हे पार्लमेंट ठरवील, असा हा इंग्रजी तोडगा होता. याच हॅनोव्हर घराण्याची व्हिक्टोरिया 1837 मध्ये, काका चौथा विल्यम औरस वारसाविना वारल्यामुळे, राणी झाली.

पेशवाईच्या अखेरीनंतर ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारने 1819 च्या तहाने प्रतापसिंह महाराजांना साताऱ्याचे छोटे राज्य दिले आणि 3 जुलै 1820 रोजी अक्कलकोटसह साताऱ्याच्या जहागीरदारांशी करार केले. जहागीरदारांनी छत्रपतींची चाकरी करावी आणि कंपनीने त्यांच्या मुलखाची हमी घ्यावी, असा त्या करारांचा गाभा होता. त्यानंतर 1839 मध्ये प्रतापसिंह पदच्युत होऊन काशीला गेले. त्यांचे वकील रंगो बापूजी गुप्ते 1840 पासून तेरा वर्षे लंडनमध्ये राहून कंपनीच्या संचालकांपुढे आणि पार्लमेंटच्या सभासदांपुढे दाद मागत राहिले, पण पदरी काही पडले नाही. 5 एप्रिल 1848 रोजी प्रतापसिंहांचे भाऊ आणि त्यांच्यानंतर गादीवर आलेले शहाजी ऊर्फ अप्पासाहेब वारले. मृत्यूपूर्वी त्यांनी दत्तक घेतला होता. गव्हर्नर-जनरल लॉर्ड डलहौसीने मात्र कंपनीने निर्माण केलेल्या संस्थानातील दत्तक सरकारच्या संमतीविना राज्यापुरता वैध नाही असे ठरवून सातारा खालसा केले, म्हणजे ते राज्य मोडून थेट कंपनीच्या अमलाखाली आणले.

शाहू महाराजांनी पदरात घेतलेल्या मुलाच्या वंशजांना या निकालाचा अर्थ कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. ज्या छत्रपतींच्या घराने त्यांना नाव आणि मुलूख दिला, त्या घराचा दीप दत्तक नाकारून मालवला गेला होता आणि अक्कलकोटचे राजे आता साताऱ्याऐवजी थेट कंपनीचे मांडलिक झाले होते. डलहौसीचा कारभार व्यवस्थित होता असे त्याचे समर्थक म्हणत. परंतु हिंदू धर्मशास्त्राला औरसाइतकाच मान्य असलेला पुत्र कागदाच्या एका फटकाऱ्याने परका ठरविणे हा अन्याय होता, आणि झाशी व नागपूर येथे त्याचीच पुनरावृत्ती झाल्यावर 1857 चा भडका उडण्यास तो कारणीभूत ठरला, हे नाकारता येत नाही.

बंडानंतर पार्लमेंटने 1858 मध्ये कंपनीची सत्ता काढून घेऊन ती राणीकडे दिली आणि 1 नोव्हेंबर 1858 रोजी राणीचा जाहीरनामा वाचला गेला, ज्यात संस्थानिकांचे हक्क व प्रतिष्ठा सांभाळण्याचे आणि अधिक मुलूख न घेण्याचे वचन होते. 1862 मध्ये व्हाइसरॉय कॅनिंगने अनेक संस्थानिकांना दत्तक घेण्याची मान्यता देणाऱ्या सनदा, म्हणजे हक्काची लेखी राजपत्रे, दिल्या. स्वतःच्या गादीसाठी दत्तक न जाणणारा राजमुकुट अशा रीतीने मराठ्यांच्या दत्तकाचा रक्षक झाला. कोल्हापूर आणि बडोदा ही त्याची ठळक उदाहरणे आहेत: 1875 मध्ये नाशिककडील कवळाण्याच्या शेतकरी घरातील मुलगा बडोद्याच्या गादीवर सयाजीराव म्हणून आला, आणि 1884 मध्ये कागलच्या घाटगे घराण्यातील यशवंतराव कोल्हापूरचे शाहू महाराज झाले. महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासातील हे दोन थोर राजे दत्तक होते, हे विसरता येत नाही.

जाहीरनाम्याने राज्ये वाचली, पण राजे वाचलेच असे नाही. अक्कलकोटचे दुसरे मालोजीराजे, जे स्वामी समर्थांचे भक्त म्हणूनही ओळखले जातात, त्यांना 1866 मध्ये गैरकारभाराच्या कारणावरून सरकारने कारभारातून दूर केले. 1870 मध्ये ते वारले आणि मुलगा शहाजी अल्पवयीन असल्यामुळे सोलापूरच्या कलेक्टरच्या देखरेखीखालील व्यवस्था पुढेही बरीच वर्षे चालू राहिली. दरम्यान 1868 मध्ये संस्थानाने चाकरीसाठी ठेवावयाचे घोडदळ मोडण्यात आले आणि त्याऐवजी वर्षाला 14,592 रुपयांची खंडणी ठरली. त्रिचनापल्लीपर्यंत गेलेल्या घोडेस्वारांच्या परंपरेचा शेवट असा एका आकड्यात झाला. अक्कलकोटच्या राजवाड्यातील शस्त्रागारात तलवारी, भाले, बंदुका यांचा जो मोठा संग्रह पाहावयास मिळतो, त्याकडे पाहताना हा करार ध्यानात ठेवावा.

खंडणी ज्या नाण्यात भरली जाई, त्यावर राणीच होती. लोक ज्याला राणीछाप रुपया म्हणत, तो एक तोळा वजनाचा चांदीचा रुपया होता. त्याच्या एका बाजूला मुकुट घातलेली व्हिक्टोरिया असे आणि 1876 पर्यंत तिच्या नावापुढे राणी, तर 1877 पासून सम्राज्ञी अशा अर्थाची इंग्रजी अक्षरे असत. हा बदल 1876 च्या कायद्यामुळे झाला आणि 1 जानेवारी 1877 रोजी लॉर्ड लिटनने दिल्लीत दरबार भरवून तो जाहीर केला. त्याच हिवाळ्यात सोलापूर जिल्हा आणि त्याला लागून असलेला मुलूख भीषण दुष्काळात होरपळत होता, जनावरे मरत होती आणि माणसे गावे सोडत होती. दरबाराला पुण्याच्या सार्वजनिक सभेतर्फे गेलेले गणेश वासुदेव जोशी हातमागाच्या खादीचे कपडे घालून गेले, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. भुकेलेल्या प्रजेच्या नावाने सम्राज्ञीपदाचा सोहळा करावा, यात राज्यकर्त्यांची जी संवेदनशून्यता दिसली ती त्या काळच्या मराठी माणसाच्या मनात खोल रुतली.

व्हिक्टोरियानंतर 1901 मध्ये सातवा एडवर्ड आणि 1910 मध्ये पाचवा जॉर्ज गादीवर आला. एडवर्डच्या वडिलांच्या जर्मन घराण्याचे नाव राजवंशाला लागले होते. जर्मनीशी युद्ध चालू असताना ते नकोसे झाल्यामुळे 1917 मध्ये ते बदलून विंडसर केले गेले. रक्ताच्या वंशालाही सोयीसाठी नवे नाव घेता येते, हे राणोजीचा फत्तेसिंह भोसले करणाऱ्या शाहूंच्या वारसांना नवीन वाटण्याचे कारण नव्हते. 1901 च्या खानेसुमारीत अक्कलकोट 498 चौरस मैलांचे, 82,047 वस्तीचे संस्थान होते आणि तोफांच्या सलामीचा मान त्याला नव्हता. 1923 मध्ये तिसरे फत्तेसिंहराजे वारले, तेव्हा त्यांचे पुत्र विजयसिंहराजे लहान असल्याने राणी ताराबाईसाहेबांनी त्यांच्या वतीने कारभार पाहिला. शेजारच्या सोलापूर शहरात मे 1930 मध्ये लोकांनी सत्ता झुगारली म्हणून पाचव्या जॉर्जच्या सरकारने लष्करी कायदा पुकारला आणि 12 जानेवारी 1931 रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना येरवड्यात फाशी दिले.

15 ऑगस्ट 1947 रोजी संस्थानांवरील राजमुकुटाचे सार्वभौमत्व, म्हणजे सर्वोच्च अधिकार, संपले. 8 मार्च 1948 रोजी दक्षिणेतील इतर संस्थानांबरोबर अक्कलकोटही मुंबई प्रांतात विलीन होऊन सोलापूर जिल्ह्याचा भाग झाले. लंडनमध्ये सहाव्या जॉर्जने ‘भारताचा सम्राट’ हा किताब सोडला तो त्यानंतर साडेतीन महिन्यांनी, 22 जून 1948 रोजी.