मधली चित्रे

हाताने काढलेल्या अ‍ॅनिमेशनपटात दर सेकंदाला चोवीस चौकटी पडद्यावरून सरकतात. एकेक चित्र दोन चौकटींपुरते टिकवले तरी सेकंदाला बारा आणि मिनिटाला सातशेवीस चित्रे लागतात. ही सगळी चित्रे मुख्य कलावंत काढीत नसे. पात्र खुर्चीत बसलेले आहे आणि ते उठणार आहे, एवढा प्रसंग असला तर बसल्याचे एक, कमरेत वाकून पुढे झुकल्याचे एक आणि उभे राहिल्याचे एक, अशी कळीची चित्रे तो काढी. त्यांच्या मधली चित्रे काढण्यासाठी वेगळा माणूस नेमलेला असे. त्याला 'इनबिट्वीनर' म्हणत. आम्ही त्याला मधल्या चित्रांचा चित्रकार म्हणू. पगाराच्या उतरंडीत हा माणूस जवळजवळ तळाशी बसे आणि श्रेयनामावलीत बहुधा नसेच. तरीही पात्रांना जिवंत करण्याच्या या कलेचा इतिहास त्याच्या टेबलावरून पाहिला तर अधिक नीट उलगडतो, असे आम्हांस वाटते. ते टेबल कारखान्यातले यंत्र होते आणि शाळेतला बाकही होते.

आरंभी अशी विभागणी नव्हती. १९१४ साली विन्झर मॅके यांनी 'गर्टी' नावाची डायनोसॉर मादी पडद्यावर आणली, तेव्हा हजारो चित्रांतली गर्टी त्यांनी स्वतःच काढली होती; एक तरुण साहाय्यक केवळ पार्श्वभूमी गिरवीत असे. गर्टी आज्ञा मोडते, रागावले तर रडते. तिला स्वभाव आहे. पण एकट्याने काढलेल्या चित्रांवर धंदा उभा राहत नाही. त्याच सुमारास पारदर्शक सेल्युलॉइडच्या तावावर पात्र काढून स्थिर पार्श्वभूमीवर ठेवण्याची युक्ती अमेरिकेत निघाली, कामाचे तुकडे पाडता येऊ लागले आणि स्टुडिओ उभे राहिले. पुढच्या दीड दशकात पडद्यावर हालचाल भरपूर आली. मन मात्र मागे पडले. हातपाय रबरी नळ्यांसारखे वळत, डोके फिरत राही. त्या डोक्यात काही चालले आहे असे क्वचितच वाटे.

ते वाटायला लावण्याची विद्या लॉस एंजेलिसमध्ये, वॉल्ट डिस्ने यांच्या स्टुडिओत, १९३२ नंतरच्या पाच वर्षांत घडली. तिची सुरुवात वरून आलेल्या हुकुमाने झाली नाही. आर्ट बॅबिट नावाच्या अ‍ॅनिमेटरने १९३२ साली आपल्या घरी सहकाऱ्यांना जमवून, समोर मॉडेल बसवून रेखाटनाचे वर्ग सुरू केले. डिस्ने यांना हे कळताच त्यांनी ते वर्ग स्टुडिओत आणवले आणि शुइनार्ड कलाशाळेतले शिक्षक डॉन ग्रॅहम यांना नेमले. दिवसभर उंदीर आणि बदके काढणारी माणसे संध्याकाळी माणसाचे शरीर काढायला बसू लागली. डिसेंबर १९३५ मध्ये डिस्ने यांनी ग्रॅहम यांना एक दीर्घ टिपण पाठवून पद्धतशीर अभ्यासक्रम मागितला. चांगल्या अ‍ॅनिमेटरच्या अंगी काय काय हवे, याची त्यात यादी आहे. चित्रकलेवर हात हवा. हालचालीतले व्यंग टिपता यावे. अभिनयाची जाण हवी. विनोद सुचावा आणि तो पोहोचवताही यावा. कथेची बांधणी कळावी. हे टिपण धंदेवाईक माणसाने लिहिले आहे, तरी कलाशिक्षणाच्या इतिहासात त्याचे स्थान आम्ही बरेच वरचे मानतो.

या काळातली दोन उदाहरणे पाहण्यासारखी आहेत. १९३३ च्या 'थ्री लिटल पिग्ज'मधील तीन डुकरे दिसायला जवळजवळ सारखी आहेत. त्यांचे वेगळेपण मुख्यतः चालण्याबोलण्यात, उडी मारण्यात, घाबरण्यात आहे. स्वभाव रूपातून हालचालीत उतरला. दुसरे उदाहरण १९३४ च्या 'प्लेफुल प्लूटो'मधले. कुत्र्याला माशा पकडण्याचा चिकट कागद चिकटतो. तो सोडवू पाहतो, कागद दुसरीकडे चिकटतो. तो थांबतो, विचार करतो, नवी युक्ती योजतो, पुन्हा फसतो. विनोद चिकटण्यात जितका आहे तितकाच त्या थांबण्यात आहे. हा प्रसंग रंगवणारे नॉर्मन फर्ग्युसन यांचे चित्रकलेचे रीतसर शिक्षण झालेले नव्हते, ही गोष्ट कलाशाळेच्या कथेत थोडी अडचणीची आहे. पण ती खरी आहे.

साहित्याच्या अभ्यासकाला येथे भरताची आठवण यावी. मनातला भाव प्रेक्षकाला थेट दिसत नाही. दिसतात ते अनुभाव. नटाची गोष्ट निराळी, कारण त्याला देह आहे. तो भूमिकेत बुडाला की घाम, रोमांच, अश्रू हे सात्त्विक भाव त्याच्या अंगावर आपोआप उमटू शकतात. कागदावरच्या पात्राच्या बाबतीत आपोआप असे काहीच होत नाही. अश्रू कितव्या चौकटीत जमायला लागेल, कितव्या चौकटीत सुटेल, त्याआधी पापणी किती चौकटी मिटलेली राहील, हे सगळे ठरवावे लागते. उत्स्फूर्त वाटणाऱ्या गोष्टीचा असा चौकटी मोजून केलेला हिशेब आणखी कुठल्या कलेत असेल, हे आम्हांस चटकन सुचत नाही.

आणि हा हिशेब शिकायचा कुठे? मधल्या चित्रांच्या टेबलावर. डोके डावीकडून उजवीकडे वळते आहे, तर मधले चित्र हे दोन टोकांच्या चित्रांची सरासरी नव्हे. सरासरी काढली की डोके सरळ रेषेत घसरते, वळत नाही. माणूस मान वळवताना ती किंचित खाली झुकवून कमानीतून नेतो. मधले चित्र त्या कमानीवर बसावे लागते. हालचाल सुरू होताना आणि संपताना चित्रे जवळजवळ हवीत, मध्ये विरळ हवीत. हे पुस्तकात वाचता येते. कळते ते मात्र थोराने काढलेली चित्रे बोटांत धरून, पुढेमागे फडफडवून, त्यांच्यात आपले चित्र बसवताना. चुकले तर पडद्यावर झटका दिसे आणि चित्र परत येई. नव्या माणसाला थोर कलावंताच्या दोन निर्णयांच्या मध्ये रोज आठ-दहा तास बसवून ठेवणारी ही तालीम होती. डिसेंबर १९३७ मध्ये प्रथम दाखवला गेलेला 'स्नो व्हाइट' अशाच टेबलांवर तयार झाला.

या शाळेचे दार सर्वांना उघडे नव्हते. स्त्रिया रेषा शाईने गिरवण्याच्या आणि रंग भरण्याच्या विभागात होत्या. १९३८ साली प्रशिक्षणासाठी अर्ज करणाऱ्या एका तरुणीला स्टुडिओने कळवले, की कार्टूनमधले सर्जनशील काम स्त्रिया करीत नाहीत, ते तरुण पुरुषच करतात. 'बॅम्बी'च्या श्रेयनामावलीत रेटा स्कॉट यांचे नाव अ‍ॅनिमेटर म्हणून आले ते १९४२ साली. आणि आत गेलेल्यांचे तरी काय? पगारांत प्रचंड तफावत होती आणि श्रेय मोजक्यांनाच मिळे. मे १९४१ मध्ये संघटनेत पुढाकार घेतल्यावरून बॅबिट यांना कामावरून काढले आणि संप सुरू झाला. घरी वर्ग भरवून ज्यांनी ही शाळा सुरू केली, तेच तिच्या फाटकाबाहेर फलक घेऊन उभे राहिले. संपाअखेर स्टुडिओला संघटना मान्य करावी लागली. अनेक गुणी माणसे मात्र कायमची गेली; त्यांच्यातल्या काहींनी पुढे यूपीए हा स्टुडिओ काढून सपाट, मोजक्या रेषांची वेगळीच शैली आणली.

ही विद्या मुंबईला पोहोचली ती १९५६ साली. दादासाहेब फाळके यांनी १९१५ मध्येच 'आगकाड्यांची मौज' करून निर्जीव काड्या नाचवल्या होत्या. पण त्या प्रयोगामागे शाळा उभी राहिली नाही. फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात प्रशिक्षणासाठी अमेरिकी तांत्रिक साहाय्य योजनेतून क्लेअर वीक्स आले. ते भारतात जन्मलेले मिशनऱ्याचे पुत्र, आणि डिस्ने स्टुडिओत 'स्नो व्हाइट' व 'बॅम्बी'च्या काळात घडलेले. त्यांच्या हाताखाली जी मंडळी तयार झाली, त्यांत रसायनशास्त्राचे पदवीधर राम मोहन होते, विभागात जी. के. गोखले होते. १९५७ साली जातककथेवरचा 'द बनियन डिअर' तयार झाला. सरकारी माहितीपटांच्या कचेरीत ही तालीम मिळावी याची काहींना गंमत वाटेल. आम्हांला उलट वाटते: जिथे दरमहा पगार होता आणि पुढच्या शुक्रवारच्या गल्ल्याची चिंता नव्हती, तिथेच ती मिळू शकली. सत्यजित राय यांच्या 'शतरंज के खिलाडी'तील अ‍ॅनिमेशनचा भाग पुढे राम मोहन यांनी केला. १९९२ च्या जपानी-भारतीय 'रामायण'पटाचेही ते एक दिग्दर्शक होते. त्या वेळी धोतर कसे नेसतात, थोरांचा आशीर्वाद कसा घेतात, हे जपानी चित्रकारांना समजावून द्यावे लागले. वाकण्याचे पहिले चित्र आणि हात पायांना लागल्याचे शेवटचे चित्र कोणीही काढील. मधल्या चित्रांतली लीनता ज्याने ती पाहिली आहे त्यालाच कळते. अनुभावांनाही प्रांत असतो.

अमेरिकेत मात्र शाळा ओस पडत होती. दूरचित्रवाणीसाठी स्वस्तात केलेल्या मालिकांत पात्राचे तोंड तेवढे हले. १९७३ मध्ये रिचर्ड विल्यम्स यांनी लंडनमधल्या आपल्या स्टुडिओत वृद्ध बॅबिट यांना शिकवायला बोलावले. १९७५ मध्ये शुइनार्डचीच वारस असलेल्या कॅलिफोर्नियातील 'कॅलआर्ट्स'ने पात्र-अ‍ॅनिमेशनचा अभ्यासक्रम सुरू केला, आणि जॉन लॅसेटर, ब्रॅड बर्ड त्यातून निघाले. फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन या डिस्नेच्या जुन्या कलावंतांनी १९८१ मध्ये बारा तत्त्वे ग्रंथबद्ध केली. विद्या वाचली, ती कारखान्याच्या टेबलावरून वर्गात आणि ग्रंथात गेली.

टेबल स्वतः परदेशी गेले. अमेरिकी मालिकांची मधली चित्रे आणि रंगकाम तैवान, दक्षिण कोरिया, फिलिपिन्स येथे होऊ लागले, आणि १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून भारतातही. येथे आमचा मुख्य आक्षेप आहे. कथा, पात्ररचना, कळीचे निर्णय समुद्रापलीकडे झाले आणि इकडे केवळ मधले काम आले, तर मधल्या चित्रांचा चित्रकार कुणाच्या शेजारी बसून शिकणार? त्याची चूक परत येते. ती कुठे झाली हे सांगणारा माणूस येत नाही. पूर्वी तळाची पायरी वरच्या पायरीला जोडलेली तरी होती. पुढच्या दशकात मुंबई-पुण्याच्या चौकाचौकांत अ‍ॅनिमेशन शिकवणाऱ्या संस्थांच्या पाट्या लागल्या. त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी प्रत्यक्षात शिकवले जाई ते सॉफ्टवेअर. राम मोहन यांनी २००६ मध्ये, पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर, मुंबईत स्वतः शाळा काढली, ती आम्हांस म्हणूनच अर्थपूर्ण वाटते.

वरच्या पायरीवरही स्थैर्य उरले नव्हते. 'लाइफ ऑफ पाय'मधला वाघ बहुतांशी संगणकावर घडवला, तो 'रिदम अँड ह्यूज' या कॅलिफोर्नियातील कंपनीने. तिच्या शाखा मुंबई आणि हैदराबादमध्येही होत्या. फेब्रुवारी २०१३ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि दोनच आठवड्यांत त्या चित्रपटाला दृश्यपरिणामांचे ऑस्कर मिळाले. स्वीकाराच्या भाषणात कंपनीच्या अवस्थेचा उल्लेख येताच ध्वनिक्षेपक बंद झाला. सभागृहाबाहेर या क्षेत्रातले कामगार निदर्शने करीत होते. १९४१ च्या फाटकाशी या दृश्याचे नाते दाखवायला वेगळे भाष्य लागत नाही.

आता मधली चित्रे संगणक काढतो. दोन स्थिती दिल्या की मधल्या स्थिती तो क्षणात भरतो, आणि त्याने भरलेली मान बहुधा मऊ, सफाईदार आणि निर्जीव वळते. ती कमानीवर आणून बसवण्याचे काम अजून माणसालाच करावे लागते. त्यासाठी नवशिक्याला अजूनही १९३० च्या दशकातला डिस्नेचा एक जुना धडा देतात. पिठाने अर्धे भरलेले एक पोते काढायचे. त्याला डोळे नाहीत, तोंड नाही. फक्त चार कोपरे आणि आतल्या पिठाचे वजन आहे. हे पोते आधी आनंदी दाखवायचे, मग दमलेले, मग लाजलेले.