पिकाची काळोखी

मागच्या मासिक बैठकीत आमच्या गटात सहा जणींनी कर्ज मागितलं. चौघींच्या अर्जावर कारण एकच होतं, "गव्हाला खत". मी सह्या घेतल्या, इतिवृत्त लिहिलं, पैसे वाटले. घरी येताना मनात आलं, युरियाच्या बॅगा किती घ्यायच्या हे या चौघींना कुणी सांगितलं? ते मी विचारलंच नव्हतं.

म्हणून आज एका लांबच्या खोऱ्याची गोष्ट सांगते. मेक्सिको देशाच्या वायव्येला याकी नावाचं खोरं आहे. पाटपाण्यावर गहू पिकवणारा, समुद्राला लागून असलेला सपाट मुलूख. लांबचा असला तरी आपल्या पिठाच्या डब्याशी त्याचं नातं आहे, ते पुढे येईलच.

पूर्वी गव्हाला नत्र मिळायचं ते शेणखतातून आणि डाळवर्गीय पिकांच्या बेवडातून. हवेत नत्र भरपूर, पण ते पिकाला थेट घेता येत नाही. 1909 साली जर्मनीत फ्रिट्झ हाबर यांनी हवेतल्या नत्रापासून अमोनिया करून दाखवला आणि 1913 मध्ये त्याचा कारखाना सुरू झाला. पुढे पोत्यातलं नत्र शेतात आलं. पण जुना गहू उंच वाढणारा. त्याला जास्त नत्र दिलं की तो माजायचा आणि ओंबी भरताना आडवा पडायचा. म्हणजे तेव्हा जास्त खताला आळा घालणारं गव्हाचं पीकच होतं.

हा आळा सुटला याकी खोऱ्यात. नॉर्मन बोरलॉग हे शास्त्रज्ञ 1944 साली मेक्सिकोत गेले. त्यांनी जपानच्या 'नोरिन 10' या बुटक्या गव्हाचं रक्त तिथल्या वाणांत आणलं. नवा गहू बुटका, जाड काडीचा. जास्त खत दिलं तरी तो सहसा उभा राहणार आणि दाणा भरणार. 1966 साली भारताने मेक्सिकोहून 18,000 टन बियाणं आणलं. त्याचा दाणा लाल होता आणि पोळी खाणाऱ्या घरांना तो पसंत पडला नाही. बाजारात त्याला भाव कमी मिळायचा. मग आपल्या शास्त्रज्ञांनी मेक्सिकोच्याच वाणांतून पिवळसर दाण्याचे कल्याणसोना आणि सोनालिका निवडले. आपण ज्याला लोकवन म्हणतो तो 'लोक 1' गुजरातेतल्या सणोसऱ्याच्या लोकभारती संस्थेत तयार झाला, आणि सोनालिका त्याच्या आईबापांपैकी एक.

बियाण्याबरोबर खताची सवयही आली. पीक पडत नाही म्हटल्यावर हात आखडायचं कारण उरलं नाही. पिकाला काळोखी आली की शेजारी बांधावर थांबून बघतो, आणि खरं सांगायचं तर आपल्यालाही ते आवडतं!

ही सवय कुठवर जाते ते याकी खोऱ्यातच दिसलं. पामेला मॅट्सन, रोझमंड नेलर आणि इव्हान ऑर्टिझ-मोनास्टेरिओ यांनी तिथल्या शेतांचा अभ्यास करून 1998 साली तो प्रसिद्ध केला. तिथला शेतकरी हेक्टरी सुमारे 250 किलो नत्र देत होता. आपल्या हिशेबात एकरी जवळजवळ पाच बॅगा युरिया. त्यातलं बरंचसं पेरणीच्याही आधी, कोरड्या जमिनीत. मग शेत भिजवायचे. शेतात अजून रोपच नाही, तर ते खत खाणार कोण? काही हवेत उडायचं, काही पाण्याबरोबर निघून जायचं. पुढे उपग्रहाच्या चित्रांतून दिसलं की खोऱ्यात पाणी सुटलं की थोड्याच दिवसांत शेजारच्या समुद्रात शेवाळ माजतं. शास्त्रज्ञांनी 180 किलो नत्र दिलं, तेही एक तृतीयांश पेरणीला आणि बाकीचं सहा आठवड्यांनी. उतारा घटला नाही.

तरी शेतकरी लगेच बदलले नाहीत. शोध घेतल्यावर कळलं की तिथले बरेच शेतकरी सल्ला घेत होते आपल्या पतसंस्थांचा. कर्ज देणारी संस्थाच खताचा सल्लाही द्यायची. पीक बुडालं तर कर्ज बुडेल, म्हणून तिचा कल जास्त खताकडे. हे वाचलं तेव्हा मला आमच्या गटाची वही आठवली. पुढे शास्त्रज्ञांनी या संस्थांच्या सल्लागारांनाच बरोबर घेतलं.

त्याच सुमारास अमेरिकेतल्या ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठात बिल रॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक यंत्र तयार केलं होतं. पिकावरून फिरवलं की ते लाल आणि डोळ्यांना न दिसणारा प्रकाश पानावर टाकतं आणि किती परत आला त्यावरून एक आकडा दाखवतं. पण एकट्या आकड्याने काही कळत नाही. म्हणून शेतात एक पट्टा सुरुवातीलाच भरपूर नत्र देऊन राखायचा आणि बाकीचं पीक त्याच्याशी ताडून बघायचं. फरक नसेल तर जमिनीतच पुरेसं नत्र आहे, असेल तर फरकापुरतं द्यायचं. याकी खोऱ्यातल्या शेतकऱ्यांचं यात हेक्टरी सरासरी 69 किलो नत्र वाचलं. एकरी सव्वा बॅगेहून जास्त, आणि उतारा तोच.

यंत्र आपल्याला कुठलं परवडायला. पण जपानमध्ये भातासाठी पानाच्या रंगाची पट्टी निघाली होती. फिलिपिन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने ती सुधारली आणि लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठाने गव्हालाही लावली. प्लास्टिकच्या पट्टीवर फिकट ते गडद हिरव्या छटा असतात. वरचं, पूर्ण उघडलेलं कोवळं पान पट्टीवर ठेवून रंग जुळवायचा. सकाळी, आपल्या सावलीत, दहा ठिकाणी, आणि दरवेळी एकाच व्यक्तीने. पिवळेपणा नेहमी नत्राचाच नसतो, पाणी साचलं किंवा लोह कमी पडलं तरी पान पिवळं पडतं. तेव्हा शंका आली तर कृषी सहायकांना शेत दाखवा.

आपली गोष्ट याकीसारखी नाही, हेही सांगते. आपल्याकडे वेळेवर पेरलेल्या बागायती गव्हाला हेक्टरी 120 किलो नत्राची शिफारस आहे, निम्मं पेरणीला आणि निम्मं तीन आठवड्यांनी, मुकुटमुळं फुटताना. सगळं युरियातून धरलं तर एकरी सव्वादोन बॅगांच्या जरा वर. कुणी याच्या दुप्पट टाकतं, तर हलक्या रानात पैशाअभावी कुणाची एकच बॅग पडते. तिला रंग बघितल्यावर आणखी द्यावं लागेल, आणि त्यासाठी मागितलेलं कर्ज मी आनंदाने मंजूर करीन.

या हंगामात आमच्या गटातल्या तिघी एकेक गुंठ्याचा पट्टा राखणार आहेत. त्या गुंठ्याला सगळा मिळून तीन किलो युरिया, चार कोपऱ्यांना खुंट्या. दुसऱ्या हप्त्याच्या आधी आम्ही सगळ्या तिथे जाऊन बघणार आहोत, आणि कर्जाच्या वहीत खताच्या रकान्याशेजारी आता एक नवा रकाना आखला आहे, 'पट्ट्याशी फरक दिसला का?'