माणूस असा का वागतो? मानसशास्त्रातील प्रमुख दृष्टिकोन

बारावीला चांगले गुण मिळवून खेड्यातून शहरातल्या कॉलेजात आलेला एक विद्यार्थी वर्गात कधीच प्रश्न विचारत नाही. शिक्षक म्हणतात, याच्यात आत्मविश्वासच नाही. घरचे म्हणतात, पहिल्यापासून लाजाळू आहे. ही कारणे नव्हेत. त्याच्या गप्प बसण्याला दिलेली नावे आहेत. खरे कारण त्याच्या मेंदूत शोधायचे, बालपणात, विचारांत की त्या वर्गात, यावर मानसशास्त्रज्ञांचेही एकमत नाही. कारण जिथे सापडते तिथेच दोष लावला जातो आणि उपायही तिथेच होतो. म्हणून चळवळीत काम करणाऱ्या तरुणांनी हे दृष्टिकोन परीक्षेपुरते पाठ करून सोडून देऊ नयेत.

मानसशास्त्र स्वतंत्र शास्त्र म्हणून उभे राहिले ते साधारण १८७९ पासून, विल्हेम वुंट यांनी जर्मनीत लाइपझिग येथे प्रयोगशाळा सुरू केली तेव्हा. त्यानंतर व्हिएन्नाच्या सिग्मंड फ्रॉइड यांनी मनोविश्लेषणाची मांडणी केली. आपल्या वागण्यामागे अबोध मनातल्या दडपलेल्या इच्छा आणि बालपणीचे संघर्ष असतात, असे त्यांचे म्हणणे. त्यांचे बरेच सिद्धांत प्रयोगाने तपासताच येत नाहीत, ही टीका रास्त आहे. तरी लहानपणीचा अपमान मोठेपणीही माणसाचा पिच्छा सोडत नाही, ही गोष्ट गंभीरपणे ऐकून घेण्याची सवय या परंपरेने लावली.

याउलट वर्तनवाद. जॉन वॉटसन यांनी १९१३ मध्ये जाहीरच केले की मन दिसत नाही, वर्तन दिसते; तेवढेच अभ्यासा. १९२० मध्ये त्यांनी रोझाली रेनर यांच्यासह वर्षही पूर्ण न झालेल्या बाळावर प्रयोग केला. बाळ पांढऱ्या उंदराला हात लावू लागले की मागे जोरात आवाज करायचा. काही दिवसांत ते नुसता उंदीर पाहून रडू लागले. आज असा प्रयोग कोणी करू देणार नाही, आणि ते योग्यच आहे. पण त्यातून एक गोष्ट पुढे आली: भीती शिकवता येते. पुढे बी. एफ. स्किनर यांनी बक्षीस आणि शिक्षा यांनी वर्तन कसे घडते ते दाखवले. आपल्या विद्यार्थ्याने शाळेत पहिल्यांदा प्रश्न विचारला तेव्हा वर्ग हसला असेल, तर गप्प राहणे तो तिथेच शिकला.

मानवतावादी दृष्टिकोनात कार्ल रॉजर्स आणि अब्राहम मास्लो ही नावे महत्त्वाची. मास्लो यांनी १९४३ मध्ये गरजांची उतरंड मांडली: आधी अन्न-पाणी, मग सुरक्षितता, मग प्रेम, मग सन्मान आणि शेवटी स्वतःच्या क्षमतांचा पूर्ण विकास. पाठ्यपुस्तकांतला प्रसिद्ध त्रिकोण मात्र त्यांनी काढलेला नाही. या क्रमाबद्दल शंका घ्यायला आपल्याकडे चांगले उदाहरण आहे. १९२७ मध्ये महाडच्या चवदार तळ्यावर गेलेल्यांची पोटे भरलेली होती म्हणून ते सन्मानासाठी निघाले, असे नव्हते.

बोधात्मक दृष्टिकोन १९५० नंतर जोमाने वाढला. घटनेपेक्षा आपण तिचा लावलेला अर्थ त्रास देतो, या विचारावर आरोन बेक आणि अल्बर्ट एलिस यांच्या उपचारपद्धती उभ्या आहेत. एलिस यांची पद्धत मराठीत विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणून ओळखली जाते आणि कि. मो. फडके यांनी ती इथे रुजवली. ‘मी बोललो तर सगळे हसतील’ हा विचार तपासायला ती शिकवते. उपयोगी आहे. पण वर्ग खरोखरच हसत असेल तर?

जैविक दृष्टिकोन मेंदू, संप्रेरके आणि आनुवंशिकता पाहतो. नैराश्यावर औषधाचा उपयोग होऊ शकतो, त्यात लाजण्यासारखे काही नाही. मात्र जन्मावरून बुद्धी ठरवण्याचा मोह याच वाटेने शास्त्रात शिरला. ‘युजेनिक्स’ हा शब्द फ्रान्सिस गॅल्टन यांनी १८८३ मध्ये घडवला, आणि त्या विचाराने पुढे काय अनर्थ केला हे जगाने पाहिले.

उरतो सामाजिक-सांस्कृतिक दृष्टिकोन. आपल्याकडच्या चर्चेत तो सर्वांत कमी येतो, म्हणून इथे थोडे थांबू. अमेरिकेत केनेथ आणि मेमी क्लार्क या कृष्णवर्णीय दांपत्याने लहान कृष्णवर्णीय मुलांसमोर गोऱ्या आणि काळ्या बाहुल्या ठेवल्या. बहुतेक मुलांनी गोरी बाहुली ‘चांगली’ ठरवली. शाळांतील वर्णभेद बेकायदा ठरवणाऱ्या १९५४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात या संशोधनाचा आधार घेतला गेला. भारतात कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे यांनी उत्तर प्रदेशातील खेड्यांत सहावी-सातवीच्या ६४२ मुलांना कागदावरची भूलभुलैयाची कोडी सोडवायला दिली. जातीचा उल्लेख नव्हता तेव्हा दलित आणि सवर्ण मुलांच्या कामगिरीत विशेष फरक नव्हता. सर्वांसमोर नावासोबत जात वाचून दाखवल्यावर दलित मुलांची कामगिरी घसरली. मुले त्याच वकुबाची, कोडी त्याच प्रकारची. बदलली फक्त खोलीतली परिस्थिती. अशा प्रयोगांचे निष्कर्ष सगळीकडे सारखेच ठळक येत नाहीत, हे सांगायला हवे. पण ‘क्षमताच कमी’ म्हणणाऱ्याला आता आधी वर्गात काय चालते ते सांगावे लागेल.

सजगतेचे तंत्रही हल्ली मानसशास्त्रात मानाने वापरले जाते. जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात बौद्ध ध्यानपरंपरेतून ते उपचारात आणले. कंपन्या ते कर्मचाऱ्यांना शिकवतात आणि कामाचे तास तेवढेच ठेवतात. सम्यक स्मृतीला सम्यक आजीविकेपासून तोडले की असे होते.

कोणताही एक दृष्टिकोन पुरत नाही हे बहुतेक मानसशास्त्रज्ञ आता मान्य करतात. जॉर्ज एंगेल यांनी १९७७ मध्ये शरीर, मन आणि समाज या तिन्हींचा एकत्र विचार करणारे प्रारूप वैद्यकशास्त्रासाठी मांडले. त्या विद्यार्थ्याच्या बाबतीत ते लावायचे तर समुपदेशकाने झोप आणि जेवण विचारावे, तो स्वतःशी काय बोलतो ते ऐकावे, आणि शिष्यवृत्तीधारकांची यादी वर्गात मोठ्याने वाचली जाते का, हेही विचारावे.