टोपल्यांचा खेळ आणि त्याचे गुरुजी



खेळाच्या मास्तरांची किंमत आपण बहुधा ढालींवरून करतो. शाळेच्या कपाटात ढाली किती, यावर त्यांची पत ठरते. हा हिशेब कितपत खरा आहे, हे एका गुरुजींच्या आयुष्यावरून पाहू या. अमेरिकेच्या कॅन्सस राज्यात लॉरेन्स नावाचे शहर आहे. तेथल्या विद्यापीठात या गुरुजींनी जवळजवळ चाळीस वर्षे शिकवले. त्यांचे नाव जेम्स नायस्मिथ. बास्केटबॉल हा खेळ त्यांनीच जगाला दिला.

त्यांचा जन्म १८६१ साली कॅनडातील आल्मॉन्ट गावाजवळ झाला. वयाच्या नवव्या वर्षी आईबाप दोघेही विषमज्वराने गेले. आजीने आणि मामाने सांभाळ केला. मध्येच शाळा सोडून पोरगा जंगलात लाकूडतोडीच्या कामाला लागला. पण अक्कल अशी, की मोठेपणी लाज न धरता तो पुन्हा शाळेच्या बाकावर येऊन बसला. पुढे मॉन्ट्रिअलला पदवी घेतली, धर्मोपदेशकाचे शिक्षण पुरे केले. मात्र मुलांची मने मैदानावर जास्त लवकर घडतात, असे त्यांना वाटले आणि ते व्यायामशिक्षक झाले.

१८९१ सालच्या हिवाळ्यातली गोष्ट. स्प्रिंगफील्ड येथील वाय. एम. सी. ए.च्या विद्यालयात अठरा जणांचा एक वर्ग होता. बाहेर बर्फ, आणि आत रोजची तीच ती कवायत! मंडळी कंटाळून दंगा करीत. आधीच्या दोन शिक्षकांनी हात टेकले होते. प्रमुखांनी नायस्मिथ यांना चौदा दिवसांची मुदत दिली आणि सांगितले, घरात खेळता येईल असा नवा खेळ शोधा.

गुरुजींनी पोरांना दोष दिला नाही. ते विचार करू लागले, की खेळात मारामारी होते कशाने? चेंडू घेऊन पळणाऱ्याला अडवायला दुसरा अंगावर धावतो म्हणून. मग चेंडू घेऊन पळूच द्यायचे नाही! जोराने मारलेल्या चेंडूने इजा होते. मग गोल डोक्याच्या वर ठेवला, की चेंडू अलगद उंच टाकावा लागेल. तेथे दांडगाई कामाची नाही, नेम हवा. लहानपणी गावात मोठ्या दगडावर धोंडा ठेवून दुसऱ्या दगडाने तो पाडण्याचा खेळ ते खेळत. आपल्या लगोरीचा हा दूरचा भाऊच म्हणा ना. तो त्यांना आठवला.

शिपायाने पीच फळांच्या दोन टोपल्या आणून दिल्या. दहा फूट उंचीवरच्या सज्जाला त्या ठोकल्या, तेरा नियम लिहून लावले आणि नऊ-नऊ गडी उभे केले. खेळ सुरू झाला. दंगेखोर वर्गच त्या खेळाचा पहिला संघ ठरला!

१८९८ साली नायस्मिथ लॉरेन्सला आले. येण्यापूर्वी त्यांनी वैद्यकाची पदवीही मिळवली होती. विद्यापीठाचा संघ त्यांनी १९०७पर्यंत सांभाळला. त्यात ५५ सामने जिंकले, ६० हरले. त्या विद्यापीठाच्या बास्केटबॉल प्रशिक्षकांत विजयांपेक्षा पराभव जास्त असलेले हे एकटेच. ज्याने खेळ निर्माण केला, त्याच्या कपाळी हा आकडा!

पण या आकड्याशेजारी दुसरी एक गोष्ट मांडा. १९३३ साली जॉन मॅकलेंडन नावाचा निग्रो विद्यार्थी तेथे शिकायला आला. त्याच्या कातडीच्या रंगामुळे त्याला विद्यापीठाच्या संघात प्रवेश नव्हता. सत्तरी ओलांडलेल्या नायस्मिथ गुरुजींनी त्याला आपल्या देखरेखीखाली घेतले, खेळ शिकवण्याची विद्या दिली, पदवीपर्यंत पाठीशी उभे राहिले. ज्याला मैदानावर उतरू दिले नाही, तोच पुढे नामांकित प्रशिक्षक झाला. १९५७ ते १९५९ या तीन वर्षांत त्याच्या टेनेसी स्टेट विद्यापीठाच्या संघाने लागोपाठ तीनदा राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. सांगा बरे, हे विजय कोणाच्या खात्यावर लिहायचे?

१९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकमध्ये बास्केटबॉलला प्रथमच पदकाचा मान मिळाला. प्रशिक्षकांनी पैसे गोळा करून वृद्ध गुरुजींना तेथे पाठवले, आणि विजेत्यांना पदके त्यांच्याच हातून मिळाली. त्याच बर्लिनमध्ये आपल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या खेळाडूंनी हुतूतूचे प्रात्यक्षिक करून दाखवले होते, हेही ध्यानात ठेवा.

१९३७ साली नायस्मिथ निवृत्त झाले आणि १९३९ साली लॉरेन्सलाच त्यांनी देह ठेवला.

शिक्षक बंधुभगिनींनो, आपल्या शाळेत मैदान अपुरे असेल, पावसात मुले वर्गात कोंडली जात असतील, एखादा वर्ग दांडगा असेल. दोन टोपल्या तर कोणत्याही गावात मिळतात. आणि मागच्या बाकावर, कोणी खेळायला न घेतलेले एक पोर बसलेले असते. त्याच्याकडे आधी पाहा. ढाली मागाहून मोजता येतील.