पात्याचे पाणी

मोर्णा नदीच्या पश्चिम तीरावर वसलेल्या अकोल्याच्या जुन्या शहरात आषाढ सरता सरता असदगड किल्ल्याच्या पायथ्याशी, घरांच्या परसांत आणि पडीक जागांत गवत गुडघ्यास लागते, आणि त्याच सुमारास पेट्रोलवर चालणाऱ्या गवत कापण्याच्या यंत्राचा कर्कश नाद गल्लीबोळांतून ऐकू येऊ लागतो. ‘ग्रास कटर’ या नावाने सर्वतोमुखी झालेले हे यंत्र नवे खरे. तथापि हत्यार हाती धरणाऱ्याला त्याची जी निगा राखावी लागते, ती या भूमीत फार पुरातन आहे, आणि तिचा मागोवा घ्यावा असे पुष्कळ दिवस मनात होते.

वऱ्हाडाच्या जुन्या जमाबंदीत गवताला स्वतःचा मान होता. नागपूरकर भोसले या प्रांतातून चौथाईखेरीज ‘घासदाणा’ या नावाने जी बाब वसूल करीत, तिच्या नावातच दाण्याच्या आधी घास येतो, आणि घोडदळाच्या जोरावर राज्ये चालत होती त्या काळास ते साजेसेच होते. निजाम आणि भोसले यांच्या दुअमलीत सापडलेल्या रयतेस दोन्ही सरकारांचा वसूल भरावा लागे. १८०३ च्या डिसेंबरात इंग्रज आणि भोसले यांच्यात देवगावचा तह होऊन वर्धा नदीच्या पश्चिमेकडील मुलूख निजामाकडे गेला, तेव्हा कोठे ती दुअमली संपली. त्या तहाच्या अगोदर, २९ नोव्हेंबर रोजी अडगावची लढाई होण्यापूर्वी, इंग्रजांच्या जनरल वेलस्लीच्या फौजेचा तळ, ज्याचा किल्ला औरंगजेबाचा वजीर असदखान याच्या नावाने ओळखला जातो त्या याच अकोल्यात पडला होता. कंपनी सरकारच्या रिसाल्यात घोड्यासाठी मोतद्दाराप्रमाणेच घास आणणारा माणूसही नेमलेला असे, आणि तो बहुधा विळ्याने गवत कापीत नसून खुरप्याने हरळी मुळासकट खरवडून काढी. लढायांच्या बखरींत ज्यांचे नाव येत नाही अशा त्या माणसांच्या खुरप्यांवर तोफखान्याइतकेच काही अवलंबून होते, असे मला वाटते. पुढे इंग्रजी अमलातही वऱ्हाडच्या सरकारी जंगलांची प्रतवारी करताना इमारती लाकडाच्या राखीव रानाखालोखाल गवताचे रमणे आणि बाभूळबने यांचा निराळा वर्ग धरला गेला.

हे सारे गवत ज्या विळ्याखुरप्यांनी कापले, ती हत्यारे मृगापूर्वी पाजवून घेणे हा गावगाड्यातील नियमच होता. गावचा लोहार वा खाती हे काम सुगीच्या धान्याच्या मोबदल्यात करी, आणि गाडीवर बिऱ्हाड लादून फिरणारे घिसाडी गावकुसाबाहेर भाता मांडून बसत. झिजलेले पाते भट्टीत लाल करावयाचे, ऐरणीवर ठोकून त्याची धार पातळ करावयाची, आणि मग नेमक्या क्षणी ते पाण्यात बुडवावयाचे, यास ‘पाणी देणे’ म्हणतात. वाक्प्रयोग साधा, परंतु त्यात सगळी विद्या साठलेली आहे: लोखंड फार तापले असता पाणी दिले तर धार काचेसारखी तुटते, कमी तापले असता दिले तर ती पहिल्याच काडीवर मुडपते. ही वेळ लोहार पात्याच्या रंगावरून ओळखतो. मापयंत्र त्याच्यापाशी कधीच नव्हते. होता तो डोळा, बापाकडून मुलाकडे आलेला.

‘ग्रास कटर’मध्ये पाते जाऊन त्याच्या जागी नायलॉनची दोरी आली, तिची कथा अमेरिकेतील ह्यूस्टन शहरातली आहे. तेथे नृत्यशाळा चालविलेले जॉर्ज बॅलस हे गृहस्थ १९७१ साली मोटार धुण्याच्या यंत्रातील फिरते नायलॉनचे ब्रश पाहत असता त्यांना अशी कल्पना सुचली की, जे तंतू मोटारीचा रंग न खरवडता मळ काढतात, ते झाडाची साल न दुखवता भोवतालचे गवतही काढतील. आणि पॉपकॉर्नच्या रिकाम्या डब्याला भोके पाडून, त्यांत मासेमारीची दोरी ओवून त्यांनी पहिला प्रयोग केला. झाडाची साल न दुखविण्याची त्यांची आशा पुरती खरी ठरली नाही, कोवळ्या रोपांचा बुंधा ही दोरी खुशाल सोलते. पण दगडधोंड्यांवर आपटूनही ज्याची धार बोथट होत नाही, कारण मुळात त्याला धारच नाही, असे हे हत्यार होते.

मात्र धार गेली म्हणून निगा गेली नाही. ती पात्यातून इंजिनात सरकली. या टू-स्ट्रोक इंजिनास वंगणाची निराळी टाकी नसते, तेल पेट्रोलातच मिसळावे लागते: निर्मात्याने पन्नासास एक हे प्रमाण सांगितले असेल तर लिटरमागे २० मिलिलिटर, पंचविसास एक असेल तर ४०. हे माप अंदाजाने घालणारा मनुष्य आज ना उद्या पिस्टन जाळून बसतो. त्यातून आजच्या पेट्रोलात इथेनॉल असते, ते हवेतील ओलावा शोषून घेते आणि कार्ब्युरेटरमधील रबरी पडदा कडक करते. म्हणून दिवाळीनंतर यंत्र ठेवताना टाकी रिकामी करून, उरलेले पेट्रोल इंजिन चालवून जाळून टाकावे. मी एका वर्षी हे केले नाही, आणि मृग लागल्यावर दोरखेचीने माझा खांदा भरून आला तरी यंत्र बोलले नाही.

कार्ब्युरेटरचे स्क्रू हा नवशिक्याच्या मोहाचा विषय आहे, परंतु त्यांना हात लावण्यापूर्वी हवेची जाळी धुऊन वाळवावी, कारण आमच्या काळ्या मातीची बारीक धूळ ती कोंदून टाकते आणि दोष मात्र स्क्रूच्या माथी येतो. इंजिन गरम झाल्यावर प्रथम मंद गतीचे मिश्रण, मग मंद गती अशी लावावी की लिव्हर सोडताच दोरीचे डोके थांबले पाहिजे. ते फिरतच राहिले तर क्लच सुटत नाही असे समजावे, आणि तसे यंत्र हाती धरू नये. पूर्ण गतीचा स्क्रू उजवीकडे पिळला की पेट्रोल कमी होते, आवाज तीक्ष्ण आणि गोड होतो, आणि त्याच गोड आवाजात इंजिनाचा नाश असतो. जाणता मिस्त्री तो डावीकडे इतकाच सोडतो की मोकळ्या फिरकीत आवाज किंचित अडखळावा आणि गवतात शिरताच स्वच्छ व्हावा. शेवटी तो स्पार्क प्लग काढून त्याचा रंग पाहतो: कॉफीसारखा तपकिरी असेल तर ठीक, काजळी धरली असेल तर पेट्रोल जास्त किंवा हवा कमी, पांढरा फटक पडला असेल तर इंजिन उपाशी आणि तापलेले. प्लग उजेडाकडे धरून डोळे बारीक करणारा मिस्त्री पाहिला की मला भट्टीपुढचा लोहार आठवतो.

आणि पाणी? तेही सुटलेले नाही. वैशाखात अकोल्याचा पारा पंचेचाळीस अंशांपलीकडे जातो, तेव्हा घरात पडून राहिलेल्या नायलॉनच्या दोरीतील ओलावा उडून जाऊन ती ठिसूळ होते आणि पहिल्याच दगडावर तुकडे होऊन उडते. ती पाण्यात भिजविली की नायलॉन पुन्हा ओलावा घेतो आणि दोरी लवचिक होते. म्हणून श्रावणातील शेवटच्या सोमवारी पूर्णा नदीच्या पाण्याच्या कावडी राजराजेश्वराच्या मंदिरात यावयाच्या, त्याच्या आठवडाभर आधी परस मोकळे करावयास घेतो तेव्हा आदल्या रात्री दोरीचे वेटोळे मी न्हाणीघरातल्या बादलीत बुडवून ठेवतो, आणि सकाळी ते यंत्राच्या डोक्यावरील बाणाच्या दिशेने घट्ट गुंडाळून घेतो.