हप्ता कशातून निघतो

जुनं आरसी बुक हातात आलं की मी आधी मागचं पान उघडतो. पुढं गाडीचं मॉडेल, चासी नंबर, इंजिन नंबर. मागं बोजा: कुणाचं कर्ज, कधी चढलं, कधी उतरलं. १९९० च्या सुमारास मी शिरूरला आरटीओची कामं करायला लागलो. पासिंग, ट्रान्सफर, बोजा चढवणं-उतरवणं. तेव्हापासून पुणे-नगर रस्त्यावर आणि खाली न्हावरे, पारगाव, चौफुला करत दौंडपर्यंत भाड्यानं पळणाऱ्या कितीतरी गाड्यांची कागदं माझ्या हाताखालून गेली. थोरली बहीण दौंडला दिलेली, दाजी रेल्वेत. त्यांच्या ओळखीनं तिकडचे लोकही माझ्याकडं यायचे. पुढं दौंडच्या गाड्या बारामतीच्या एमएच ४२ खाली गेल्या आणि शिरूर पुण्याच्या एमएच १२ मध्ये राहिलं, तरी कर्जाचा कागद समजून घ्यायला माणसं येत राहिली.

रोज दीड-दोनशे किलोमीटर पळवायला गाडी कोणती घ्यावी, हा प्रश्न आमच्याकडं एकटा कधी आला नाही. हप्ता कशातून निघणार, हा त्याच्या जोडीला असायचाच. या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर काही वर्षांनी बदलायचं आणि मग रस्त्यावरची गाडीही बदलायची.

सुरुवात एसटीपासून करावी लागते. १ जून १९४८ ला राज्याची पहिली एसटी पुण्याहून नगरला धावली, ती आमच्या घोडनदीवरून, म्हणजे शिरूरवरूनच. त्याआधी खासगी सर्व्हिस मोटारी चालायच्या. सरकारनं प्रवासी वाहतूक हातात घेतल्यावर त्या एकेक करून बंद झाल्या आणि सीटमागं तिकीट घेऊन माणूस नेण्याचा हक्क एसटीचा झाला. पुढची तीसेक वर्षं गावात कुणाकडं ॲम्बॅसेडर किंवा प्रीमियर पद्मिनी असलीच तर ती लग्नाला, दवाखान्याला, निवडणुकीला जायची. १९६९ मध्ये बँकांचं राष्ट्रीयीकरण झाल्यावर तालुक्याला शाखा आल्या. विहिरीवरच्या इंजिनाला, पाइपलाइनला, म्हशीला त्यांनी कर्ज दिलं. भाड्याच्या मोटारीसाठी शेतकऱ्याच्या पोरानं बँकेची पायरी चढण्याचे ते दिवस नव्हते.

बदल आणला तो जीपनं. वाड्या-वस्त्या वाढल्या, पोरं कॉलेजला जाऊ लागली, काष्टीच्या बाजाराला माणसं निघाली, आणि एसटीच्या फेऱ्या होत्या तेवढ्याच राहिल्या. न्हावऱ्याच्या फाट्यावर सकाळी उभं राहिलेल्या माणसापुढं थांबायची ती महिंद्राची कमांडर नाहीतर बजाज टेम्पोची ट्रॅक्स. कमांडर घ्यायची म्हटलं की वाद ठरलेला: डीआय का डीपी? डीपी प्यूजोच्या तंत्राचं इंजिन, पळायला हलकं. डीआयचा आवाज मोठा आणि पळ कमी, पण ट्रॅक्टरचा मिस्त्री ते गावातच उघडायचा. ट्रॅक्सला मर्सिडीजच्या परवान्यावर बनवलेलं ओएम ६१६ इंजिन. ते दमदार होतं, पण कामाला काढलं तर पुण्याचा मिस्त्री बघावा लागायचा. खेडोपाड्याच्या रस्त्याला माझं मत डीआयच्या बाजूनं असायचं. वडापवाल्याची, म्हणजे सीटमागं भाडं घेऊन माणसं नेणाऱ्याची, गाडी दोन दिवस गॅरेजला उभी राहिली की त्याचा रांगेतला नंबर दुसरा घेतो, आणि तो परत मिळवायला भांडावं लागतं.

एका खेपेचा हिशेब सांगतो, कारण सगळी मेख त्यातच आहे. पासिंगप्रमाणं जेवढी माणसं बसायची, त्यांच्या भाड्यातून डिझेल, ड्रायव्हरचा पगार, पंक्चर आणि कधीमधी होणारा दंड निघायचा. मागच्या फळीवर उभी राहिलेली, ड्रायव्हरच्या उजव्या अंगाला दाराशी अर्धी बाहेर बसलेली, टपावर पोत्यांसोबत चढलेली जी जास्तीची माणसं होती, त्यांच्या पैशातून हप्ता निघायचा. कायद्याच्या मापात गाडी भरली की हप्ता थकला. मालक हे चारचौघांत बोलत नसत, पण त्यांच्या वह्या बोलायच्या. एकानं वहीत वेगळा रकाना पाडला होता आणि त्यावर नुसतं ‘वरचे’ असं लिहिलं होतं. महिन्याअखेरीला त्या रकान्याची बेरीज हप्त्याला कमी पडली की तो पतसंस्थेत मुदत मागायला जायचा. या ‘वरच्यां’पायी माणसं मेलीही. फळीवरून निसटलेली शाळकरी पोरं मला अजून आठवतात. प्रवाशांच्या जिवावर कर्ज फेडायची ती रीत वाईटच होती, आणि एसटीच्या फेऱ्या पुरेशा असत्या तर ती पडलीच नसती.

हे कर्ज द्यायचं कोण? २ ऑक्टोबर १९९३ ला पंतप्रधान रोजगार योजना सुरू झाली. सुशिक्षित बेरोजगाराला एक लाखापर्यंत कर्ज. त्यात रिक्षा बसायची, कमांडर बसायची नाही. राष्ट्रीयीकृत बँक सातबारा मागायची, आणि सातबाऱ्यावर आधीच सोसायटीचा बोजा. मग उरायच्या पतसंस्था आणि फायनान्स कंपन्या. फायनान्सवाला सातबारा बघायचा नाही. दोन जामीनदार आणि कोऱ्या चेकांची गड्डी घेतली की आठ दिवसांत गाडी दारात. १ एप्रिल १९८९ पासून चेक न वटणं हा कलम १३८ खाली गुन्हा झाला होता, आणि त्या गड्डीला खरं वजन आलं ते तिथून. ‘एकशे अडतीसची केस’ हा शब्द वाडीवरच्या म्हाताऱ्यांच्याही तोंडी बसला.

व्याजाचा कागद मात्र कुणी नीट वाचायचा नाही. ‘फ्लॅट बारा टक्के’ ऐकलं की बँकेपेक्षाही स्वस्त वाटायचं. समजा दोन लाख घेतले, तीन वर्षं मुदत. बारा टक्क्यांनी वर्षाचे चोवीस हजार, तीन वर्षांचे बहात्तर हजार. एकूण दोन लाख बहात्तर हजार भागिले छत्तीस, म्हणजे हप्ता साडेसात हजारांच्या थोडा वर. पण मुद्दल दर महिन्याला कमी होत असतं आणि व्याज शेवटपर्यंत पुऱ्या दोन लाखांवर लागलेलं असतं. बँकेच्या घटत्या शिलकीच्या पद्धतीनं मांडलं तर तो दर एकवीस टक्क्यांच्या वर जातो. हे मी पाटीवर मांडून दाखवायचो. लोक ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, “आण्णा, बँक देत न्हाई आन् हे देत्यात. मग काय करायचं?” ते खरंच होतं. महागडं कर्ज देणाऱ्यांनीच आमच्याकडं रस्त्यावर गाड्या आणल्या, हे मान्य करावं लागतं. हप्ता थकला की चौफुल्याला जेवायला थांबलेली गाडी ओढून नेणारेही तेच होते. एका फायनान्सवाल्यानं माझ्या चुलतभावाची गाडी दोन हप्ते राहिले असताना ओढली. नोटीस त्याच्या हाती नंतर पडली.

१९९४ मध्ये टाटा सुमो आली आणि धंद्याची जात बदलली. सुमो वडापलाही लागली, पण तिचं खरं काम अष्टविनायकाचं. रांजणगाव शिरूर तालुक्यात. सिद्धटेक कर्जत तालुक्यात असलं तरी रस्ता दौंडवरून, आणि पूर्वी शिरापूरच्या बाजूनं भीमा नावेनं ओलांडावी लागायची. आठही गणपती धरले की साडेसहाशे किलोमीटरच्या पुढं रनिंग, तेही दोन दिवसांत. इथं माणसं कोंबायची गरज नव्हती. भाडं किलोमीटरवर, दिवसाला तीनशे किलोमीटर धरलेलेच, वर ड्रायव्हरचा भत्ता. चतुर्थीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीच्या ट्रिपांवर हप्ता निघायचा, आषाढात गाडी उभी राहायची. शहाणा मालक वैशाखातच दोन-तीन हप्ते बाजूला काढायचा. दौंडकडचे उसाचे मालक हप्त्याचा मेळ कारखान्याच्या बिलावर घालायचे. केडगावकडं गुऱ्हाळवाले होते, त्यांना गुळाच्या पट्टीचा पैसा त्याआधीच मिळायचा. फायनान्सवाल्याचा हप्ता मात्र बारा महिने सारखा, त्याला हंगाम ठाऊक नाही.

याच सुमारास रांजणगावची एमआयडीसी उभी राहिली. फियाटचा कारखाना, बाकीच्या कंपन्या आल्या. खाली दौंडकडं कुरकुंभची एमआयडीसी होतीच. ‘गाडी कंपनीला लावायची’ हा नवा धंदा झाला. साहेबांना पुण्याहून आणायचं-सोडायचं, शिफ्टची माणसं न्यायची. महिन्याला ठरलेले किलोमीटर, त्याचे ठरलेले पैसे, वर पळाली तर किलोमीटरमागं दर. पहिल्यांदा हप्त्याला ठराविक तारखेचं बिल मिळालं. पांढऱ्या पाटीची गाडी कंपनी घेत नसे. पिवळी पाटी, टुरिस्ट परमिट, दरवर्षी पासिंग. त्या गाडीला कर्जाचा दर जास्त आणि मुदत कमी, म्हणून कित्येक जण खासगी पासिंग करून भाडं मारायचे. अपघात झाला की विमा कंपनी वापराच्या अटीवर बोट ठेवून हात वर करायची. कर्ज राहायचं, गाडी जायची. हे बघितल्यापासून मी पांढऱ्या पाटीवर भाडं मारणाऱ्याला आधी हात जोडतो आणि मग कामाला लागतो.

या कामाला इंडिका व्ही-टू गावोगाव गेली. पुण्याजवळ बनलेली, पार्ट कुठंही मिळायचा, डिझेल कमी प्यायची. तिच्या टायमिंगला पट्टा होता. तो वेळेवर बदलला नाही आणि रस्त्यात तुटला तर वाल्व वाकायचे आणि हेड खोलावं लागायचं. महिन्याला पाच हजार किलोमीटर पळणाऱ्या गाडीला पट्ट्याची तारीख लक्षात ठेवून चालत नाही, मीटर बघावं लागतं. त्यानंतरचं १३०० सीसीचं मल्टिजेट डिझेल इंजिन साखळीचं होतं आणि ते आमच्या रांजणगावातच बनू लागलं. मारुतीनं जानेवारी २०१२ मध्ये फियाटशी वर्षाला एक लाखापर्यंत डिझेल इंजिनं घ्यायचा करार केला, इतकी मागणी होती. स्विफ्ट, डिझायर, व्हिस्टा, एर्टिगा, सगळीकडं तेच घराणं.

ती मागणी का होती, हे सांगितल्याशिवाय इतिहास पुरा होत नाही. २०१० मध्ये सरकारनं पेट्रोलचा दर मोकळा सोडला आणि डिझेलचा धरून ठेवला. २०१२ च्या उन्हाळ्यात दोन्हींत लिटरला तीस रुपयांच्या आसपास फरक पडला होता. पेट्रोल पंचाहत्तर आणि ॲव्हरेज पंधरा धरलं तर किलोमीटरला पाच रुपये. डिझेल पंचेचाळीस आणि ॲव्हरेज अठरा धरलं तर अडीच रुपये. महिन्याला चार हजार किलोमीटर म्हणजे दहा हजार रुपये वाचले. डिझायरचा हप्ता साधारण तेवढाच बसायचा. म्हणजे एके काळी फळीवर उभे राहणारे जो हप्ता भरायचे, तो आता डिझेलवरची सरकारी सूट भरत होती. हे ज्यांना उमगलं नाही त्यांना वाटलं की धंदाच चांगला आहे, आणि त्यांनी दुसरी, तिसरी गाडी काढली. २०१३ पासून डिझेल महिन्याला पन्नास-पन्नास पैशांनी चढत गेलं, ऑक्टोबर २०१४ ला तेही मोकळं झालं. फरक आटला. हप्ता होता तिथंच होता. त्या दोन-तीन वर्षांत बोजा न उतरताच विकलेल्या, कागद न करता दुसऱ्याच्या हवाली केलेल्या गाड्यांची जेवढी भांडणं माझ्याकडं आली, तेवढी आधी आली नव्हती. मूळ मालक जामिनात अडकलेला, गाडी तिसऱ्याच्या दारात.

एप्रिल २०२० ला प्रदूषणाचं बीएस-सहा मानक आलं, मारुतीनं डिझेल बंद केलं आणि कंपनीला लागणाऱ्या गाड्या सीएनजीवर गेल्या. पंपावरची रांग हा नवा खर्च झाला. १ एप्रिल २०२२ ला राज्यानं सीएनजीवरचा व्हॅट १३.५ वरून ३ टक्क्यांवर आणला, तरी त्याच वर्षी दर चढत गेले. हप्त्याला या वेळी हात दिला तो महामंडळानं. अण्णासाहेब पाटील आर्थिक मागास विकास महामंडळ १९९८ चं, पण त्याची व्याज परताव्याची योजना खऱ्या अर्थानं गावात पोचली ती २०१८ नंतर. आधी दहा लाखांच्या, पुढं पंधरा लाखांपर्यंतच्या कर्जाचं व्याज बारा टक्क्यांच्या मर्यादेत परत. अट एकच जाचक आणि तीच मला आवडते: हप्ता आधी स्वतः वेळेवर भरायचा, मग व्याज खात्यावर येतं.

आता बँका चौऱ्याऐंशी महिन्यांची मुदत देतात. हप्ता लहान दिसतो आणि पोरं भुलतात. गेल्या दिवाळीआधी केडगावकडचा एक मुलगा आला, सीएनजी एर्टिगा कंपनीला लावायची होती. “आण्णा, सात वर्षांची मुदत घेतली की हप्ता निम्म्यावर येतो,” म्हणाला. मी विचारलं, “महिन्याला रनिंग किती?” म्हणाला, “साडेचार हजार कुठं गेलं नाही.” कागदावर दोन ओळी लिहून दिल्या. चौऱ्याऐंशी महिने, तीन लाख अठ्ठ्याहत्तर हजार किलोमीटर. अठ्ठेचाळीस महिने, दोन लाख सोळा हजार. शेवटचा हप्ता भरताना गाडी कुठल्या अवस्थेत असेल, ते तूच ठरव म्हटलं. शिवाय कंपनी पाच वर्षांपेक्षा जुनी गाडी ठेवून घेईल का, तेही आधी विचारून ये. तो बराच वेळ कागदाकडं बघत बसला. मग वडिलांना फोन लावून उसाचं बिल कधी निघणार ते विचारलं, आणि मला म्हणाला, “डाऊन पेमेंट वाढवतो. अठ्ठेचाळीसच टाका, पण बिल येईस्तोवर थांबू.”